विचारून जायची वाट

“विचारून गेलं, की मागं वळून बघावं लागत नाही.”

काचवाल्याचं हे रोजचं बोलणं. बायकोने ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की भांडी घासता घासता तिच्याही ओठांवर आपोआप यायचं, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा. कारण विचारायचं म्हणजे काय, तर स्वतःच्या घरी जायचं विचारायचं. असला नवरा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला असेल असं तिला वाटत नव्हतं.

घर त्यांचं मागच्या अंगाला होतं. पुढची खोली कामाची, आतली संसाराची. कामाच्या खोलीत घोंगडी अंथरलेलं लांबरुंद टेबल, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, आणि कोपऱ्यात कपाटांसाठी कापून ठेवलेले आरसे. तिथे वावरताना तिला नेहमी वाटायचं, आपल्यासारख्या पाच-सहाजणी इथे आपल्याबरोबर काम करतायत, फक्त एकही हातभार लावत नाही. घराच्या मागे गोदामाची उंच भिंत. एका बाजूला खोल नाला, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची बिनखिडकीची भिंत. आणि पुढे शिंप्याचं घर. रस्त्यावर जायचं तर शिंप्याच्या घराच्या कडेने एक बोळ होता, त्यातूनच. मधोमध बोळ जरासा वळायचा, आणि नेमक्या त्या वळणावर शिंप्याची खिडकी. बोळ शिंप्याच्या जागेतला. दुसरी वाट नव्हती. माणूस एक वेळ भिंतीवरून उडी मारेल, पण पुरुषभर उंचीची काच भिंतीवरून कशी उडी मारणार?

त्या वळणावर काचवाला थांबायचा. जाताना थांबायचा, येताना थांबायचा. हात रिकामे असले तरी थांबायचा, अंगात ताप असला तरी थांबायचा. खिडकीकडे तोंड करून म्हणायचा, “येऊ का?”

शिंपी आत मशीनवर बसलेला. तोंडात टाचण्या. त्या टाचण्यांमधून तो म्हणायचा, “हं.” तेवढं ऐकलं, की काचवाला निघायचा.

लग्न होऊन ती आली, तेव्हाही तो त्या वळणावर थांबला होता. नवी नवरी मागे उभी, हातात पेटी, पाय दुखतायत, आणि हा खिडकीला विचारतोय, “येऊ का?” तिला वाटलं, घर भाड्याचं आहे की काय. मग वाटलं, आपल्याला घरात घेऊ का म्हणून विचारतोय की काय. आत गेल्यावर ती म्हणाली होती, “मला आणताना माझ्या बापाला एकदाच विचारलंत. या शिंप्याला किती वेळा विचारणार?”

गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव येऊकाका ठेवलं. पुढे मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. हसायचा.

का विचारतो, ते त्याने तिला एकदाच सांगितलं, आणि सांगताना तो काच पुसत होता, तिच्याकडे बघत नव्हता. त्याचा बाप कामावरून येताना एका बागेतून आडवाटेने यायचा. सगळेच यायचे. एक दिवस बागेचा मालक बदलला, आणि नव्या मालकाने बापाला चोर म्हणून झाडाला बांधलं. दुपारभर. हा लहान होता, कुंपणाबाहेर उभा राहून बघत होता. बापाने सुटल्यावर एवढंच म्हटलं, “विचारायला पाहिजे होतं.” नंतर बाप जगला पुष्कळ, पण चालताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचा. घरातल्या घरात पाणी प्यायला उठला तरी.

हे ऐकल्यावर तिने नवऱ्याला त्यावरून पुन्हा टोकलं नाही. टोमणे मारले, ते वेगळं.

मग शिंपी गेला. मागे त्याची बायको राहिली, जिला काचवाल्याची बायको वहिनी म्हणायची. मूलबाळ नव्हतं. शिंप्याचा पुतण्या आला, घर त्याच्या नावावर झालं, आणि वहिनी त्या घरातली एक वस्तू झाली. मशीन मात्र तिने सोडलं नाही. खिडकीत बसून ती लोकांच्या उसवलेल्या शिवणी शिवून द्यायची.

पुतण्याचं बोलणं गोड होतं. त्या गोडपणाचीच काचवाल्याच्या बायकोला जास्त भीती वाटायची. ओरडणारा माणूस काय करणार ते कळतं. हा माणूस हसायचा, तब्येत विचारायचा, आणि एका सकाळी त्याने बोळाच्या तोंडाशी फाटक बसवलं.

“कुत्री शिरतात काका,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी उघडंच आहे. फक्त कडी लावत जा.”

दोन्ही हातांत काच धरलेल्या माणसाने कडी कशी लावायची, हे तिच्या तोंडावर आलं होतं. पण काचवाला म्हणाला, “बरं.”

मग विटा आल्या. भिंतीला लागून एक ओळ रचली गेली. मग दुसरी. बोळ रोज थोडा थोडा अंग चोरायला लागला. काच घेऊन काचवाला आडवा चालायला लागला, आणि ती त्याच्या पुढे उलटी चालायची, दोन्ही हात पसरून, जणू काच पडली तर ती झेलणारच होती. एकदा काचेची कड विटेला घासली. आवाज बारीकसाच झाला. पण तो तिच्या दातांतून थेट पोटात उतरला आणि तिथेच राहिला. त्यानंतर रस्त्यावर ट्रक थांबल्याचा नुसता आवाज आला, तरी पुन्हा विटा आल्या म्हणून ती दचकायची.

आणि एक दिवस पुतण्या फाटकाशी उभा राहून म्हणाला, “काका, आता भिंत घालतोय इथे. गाळे काढायचेत. ही वाट आमच्या काकांनी दिलेली होती, ते गेले. तुम्ही काचा हलवा. नाहीतर जागा मला देऊन टाका, मी काय परका आहे? घाई नाही.” मग त्याने काचवाल्याच्या हातातल्या काचेला बोटाने टिचकी मारली. “नाजूक काम आहे तुमचं. सांभाळा.”

काचवाला वळणावर आला. खिडकीशी थांबला. “येऊ का?” म्हणाला. आतून मशीनचा आवाज थांबला, पण कुणी काही बोललं नाही. तो तसाच उभा राहिला, काच घेऊन. शेवटी बायकोने त्याच्या कोपराला धरून त्याला घरात नेलं. त्याच्या हातांतली काच स्थिर राहत नव्हती. खोलीभर उजेडाचे तुकडे नाचत होते.

वकीलबाईंची कचेरी एका अरुंद जिन्यावर होती. खाली झेरॉक्सचं दुकान, त्याची गरम हवा वर यायची. वकीलबाई चांगल्या होत्या, धांदरट होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “छान. इतकी वर्षं वापर आहे, दुसरी वाट नाही. आता एकच सांगा. तुम्ही जाता-येता कुणाला विचारत होता, की सरळ जात होता?”

काचवाला ताठ बसला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बरोबर प्रश्न विचारला होता. “विचारून! एकदासुद्धा न विचारता गेलो नाही मी. गल्लीत कुणालाही विचारा.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“असं असतं बघा,” वकीलबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या जागेतून तुम्ही उघडपणे, वर्षानुवर्षं, हक्काने, कुणाला न विचारता गेलात, तर ती वाट तुमची होते. पण विचारून गेलात, तर ती समोरच्याची मेहेरबानी. मेहेरबानी कितीही वर्षं चालली तरी हक्क होत नाही. देणारा कधीही म्हणू शकतो, आता पुरे. आणि देणारा मेला, की ती बहुतेक त्याच्याबरोबरच जाते.”

“म्हणजे हे उद्धटासारखे गेले असते तर वाट आमची झाली असती?” ती म्हणाली.

“साधारण तसंच.”

जिना उतरताना काचवाला मध्येच थांबला. “मला कळलं नाही,” तो म्हणाला. “बापाने विचारलं नाही म्हणून त्याला बांधलं. मी विचारलं, म्हणून मला बांधतायत.”

तिने मागे वळून बघितलं, जिन्यावर कुणी नव्हतं, आणि मग आपण का बघितलं म्हणून तिच्या काळजात धस्स झालं.

तरीही वकीलबाईंनी दावा लावला, आणि कोर्टाने जागा बघायला एक साहेब नेमला. तो येणार, मोजणार, दोन्हीकडच्यांना विचारणार, आणि लिहून नेणार. त्याच्या लिहिण्यावर सगळं. वकीलबाईंनी बजावलं, “मी खोटं बोला म्हणत नाही. पण साहेबाने जे विचारलं नाही, ते आपणहून सांगू नका.” काचवाल्याच्या बायकोला एवढ्याने धीर येईना. ती वळणावरच्या खिडकीखाली गेली आणि हळूच म्हणाली, “वहिनी, तुम्ही सांगा ना. म्हणावं, हे कधी विचारत नव्हते. तुमच्या एका शब्दाने आमचं घर वाचेल.”

वहिनीने खिडकीतून आधी आत बघितलं, मग बाहेर. “मला यात ओढू नको गं,” ती पुटपुटली. “माझं अंथरूण त्याच्या छपराखाली आहे. कालच म्हणाला, काकू, वृद्धाश्रमात हल्ली चांगली सोय असते म्हणे. हसत म्हणाला.” तिने सुई कापडात टोचली. “आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट मी कशी लपवू? तुझ्या नवऱ्याचं नावच तसं पडलंय.”

संध्याकाळी तिने नवऱ्याला टेबलासमोर बसवलं. “मी साहेब. बोला. बोळातून कसे जायचा?”

“पायांनी.”

“अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला? म्हणा, हक्काने जायचो.”

“हक्काने जायचो,” तो म्हणाला, आणि लगेच, “म्हणजे, विचारून.”

“नाही! विचारून नाही. फक्त हक्काने.”

“हक्काने.”

“परवानगी घेत होता का?”

त्याने तिच्याकडे बघितलं. भिंतीला लावलेल्या आरशांत पाच-सहा काचवाले गप्प बसलेले. शेवटी तो म्हणाला, “अगं, मला त्या पुतण्याची भीती वाटते त्यापेक्षा खोटं बोलायची जास्त वाटते.” तिने दिवा लावला आणि पुन्हा विचारलं नाही. पण त्या घरात तिने काय काय जमवलं होतं, कुठे कुठे काय ठेवलं होतं, ते सगळं ती हाताने चाचपत फिरली, जणू आंधळी झाली होती.

साहेब आला तो सकाळी. हडकुळा माणूस, हातात टेप, कानामागे पेन्सिल. पुतण्या त्याच्या वकिलासह हजर. वकीलबाई बोळातल्या विटांना पदर लागू नये म्हणून अंग आखडून उभ्या. वहिनी खिडकीत, मशीन बंद. साहेबाने लांबी मोजली, रुंदी मोजली, नाल्यात वाकून बघितलं, गोदामाच्या भिंतीवर थाप मारली. मग वळणावर उभा राहून त्याने काचवाल्याकडे मान वळवली.

“तुम्ही इथून कसे जायचा?”

काचवाल्याने वकीलबाईंकडे बघितलं नाही, बायकोकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं.

“विचारून,” तो म्हणाला.

वकीलबाईंनी डोळे मिटले. पुतण्याच्या तोंडावर असं काही हसू फुटलं, की ते आवरताना त्याची तारांबळ उडाली.

“लिहून घ्या साहेब!” तो पुढे सरसावला. “दर वेळी विचारायचे. काकांनी उपकार म्हणून जाऊ दिलं. मी सुट्टीत इथे यायचो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. साधं पाऊल टाकायचं तरी विचारायचे. अहो, या फरशा टाकल्या, त्यासुद्धा विचारून!”

साहेबाने खाली बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पायाखाली दगडी फरशा होत्या, रस्त्यापासून पार काचवाल्याच्या उंबऱ्यापर्यंत, मधे पाणी जायला कोरलेली पन्हळ. इतक्या जुन्या, इतक्या बसलेल्या, की त्या जमिनीबरोबरच जन्मल्या असाव्यात असं वाटावं. काचवाल्याच्या बायकोलाही त्या आठवायच्या त्या फक्त कंबरदुखीच्या रूपाने. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात चिखलात काचवाल्याचा पाय सरकला होता आणि काचेने तळहात उभा चिरला होता. मग दोघांनी मिळून दगड वाहिले, चुन्यात बसवले. घातल्यावर ते तो बोळाचे मानायचा, स्वतःचे नाही. त्यामुळे वकीलबाईंना सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“या फरशा यांनी टाकल्या?” साहेबाने विचारलं.

“यांनी म्हणजे काय! दोघांनी. मी इथेच उभा होतो. हे म्हणाले, फरशी टाकू का? काकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाले, टाका की, कायमच्या टाका, माझ्याही पायांना चिखल नको.”

“अहो...” पुतण्याचा वकील म्हणाला.

“थांबा हो, महत्त्वाचं आहे. कायमच्या टाका म्हणाले. मालक काका होते, हे नाही!”

“म्हणजे,” साहेब पेन्सिल कानामागून काढत सावकाश म्हणाला, “मालकाने परवानगी दिली, आणि त्या परवानगीवर विसंबून यांनी स्वतः कायमचं पक्कं काम केलं.”

“बरोब्बर! लिहा!”

वकिलाने त्याची बाही ओढली. “पुरे करा,” तो दातओठ खाऊन म्हणाला. “पुरे.”

पुतण्याला काय झालं ते कळलं नाही. काचवाल्यालाही नाही. बायकोने फक्त एवढं बघितलं, की वकीलबाईंचे डोळे उघडले होते, आणि त्यांचा चष्मा डोक्यावरून नाकावर आला होता.

“दिलेली परवानगी काढून घेता येते,” त्यांनी नंतर फाटकाबाहेर सांगितलं. “पण समोरच्याने तिच्या भरवशावर स्वतःच्या पैशाने पक्कं काम उभं केलं असेल, तर नाही. मग देणाऱ्यालाही ती मागे घेता येत नाही आणि त्याच्या मागून येणाऱ्यालाही नाही. तुम्ही मी बजावल्याप्रमाणे बोलला असता ना, तर हा माणूस तोंड मिटून राहिला असता आणि फरशीकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं.” मग त्यांनी आवाज उतरवला. “पण फार खूश होऊ नका. तो वरच्या कोर्टात जाईल. आणि आता तो चिडलाय.”

कोर्टाचा विटा उचलायचा हुकूम आला. उचलल्याही गेल्या, पण बोळातून बाहेर नाही. त्या फाटकाच्या आतल्या बाजूला, पुतण्याच्या अंगणात, नीट रचून ठेवल्या गेल्या. बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. काचवाल्याच्या बायकोच्या जिवात जीव आला, पण पुरता नाही. ट्रकचा आवाज आला की अजूनही ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी काचवाल्याला एक मोठा आरसा पोचवायचा होता. कपाटाचा, पुरुषभर उंचीचा. त्याने तो पट्ट्याने पाठीवर घेतला, चकचकीत बाजू बाहेर, कारण मागची बाजू घामाने खराब होते. बायको उंबऱ्यापर्यंत आली. आज तिला पुढे उलटं चालायची गरज नव्हती, बोळ पुन्हा रुंद झाला होता.

पुतण्या बोळाच्या तोंडाशी फाटकाला टेकून उभा होता. हाताची घडी. आज तो हसत नव्हता.

काचवाला वळणावर पोचला. आणि थांबला.

नका, ती मनात म्हणाली. आता तरी नका. आता तुमची आहे वाट. सरळ जा.

“येऊ का?” काचवाला म्हणाला.

पुतण्या काही बोलला नाही. हललाही नाही. आतल्या मशीनचा आवाज थांबला. बोळात इतकी शांतता झाली, की नाल्याचं पाणी ऐकू यायला लागलं. काचवाला उभाच. पाठीवर एवढं ओझं घेऊन, उत्तराची वाट बघत, जसा लग्नाच्या दिवशी उभा होता तसाच.

मग खिडकीतून आवाज आला. बारीक, टाचण्यांमधून आल्यासारखा.

“हं.”

पुतण्याने मान वळवली आणि खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. काचवाल्याच्या बायकोच्या पोटातली भीती, जी कितीतरी दिवस तिच्या घरात मुक्कामाला होती, ती त्या नजरेबरोबर शेजारच्या घरात गेली आणि वहिनीच्या पायाशी बसली. ती तिला जाताना दिसली. तिला ओरडून काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?

काचवाला निघाला. त्याने मागे बघितलं नाही. विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं. फाटकातून तो आडवा होऊन, पुतण्याच्या अगदी अंगावरून, त्याला धक्का न लावता बाहेर पडला आणि रस्त्याला लागला.

त्याच्या पाठीवरच्या आरशात मात्र सगळं दिसत होतं. रचून ठेवलेल्या विटा. हाताची घडी घातलेला पुतण्या. खिडकीच्या चौकटीत ओठ घट्ट मिटलेली वहिनी. आणि पार मागे, फरशीच्या शेवटच्या दगडावर, पदराचं टोक मुठीत धरून उभी असलेली एक बाई, जी प्रत्येक पावलाला लहान लहान होत गेली.